राहतो, राहत आलोय

"माय मदर लिव्ह्ज इन धिस रूम सिन्स फॉर्टी इयर्स."

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी, रात्री साडेआठच्या सुमारास, हे वाक्य आमच्या वर्गाच्या फळ्यावर आलं. लिहिणारा पस्तिशीचा. लोअर परळला जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या टॉवरमध्ये तो लिफ्टमन आहे. सकाळची पाळी करतो, घरी जाऊन डबा टाकतो, तोंड धुतो आणि साडेसहाला रात्रशाळेत येऊन बसतो. दहावीची परीक्षा द्यायची आहे. 'माझं घर' या विषयावर प्रत्येकाने पाच वाक्यं लिहायची होती, त्यातलं हे त्याचं दुसरं.

मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. इमारत दिवसाच्या शाळेची, बाकं सातवी-आठवीतल्या मुलांच्या मापाची. मोठी माणसं गुडघे बाहेर काढून तिरकी बसतात. कुरिअरवाले, कॅन्टीनमध्ये काम करणारे, घरकाम करणाऱ्या बायका, एखादा वॉचमन. यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे वाक्य लिहिलेलं आहे. माणूस वेगळा, वर्षं वेगळी, वाक्य तेच. आणि मी दर वेळी 'लिव्ह्ज' खोडून वर 'हॅज लिव्हड' लिहिते, 'सिन्स' खोडून 'फॉर' लिहिते आणि पुढच्या वहीकडे वळते. दहा सेकंदांचं काम.

त्या बुधवारी खडू हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. तीनच आठवड्यांपूर्वी मी असंच एक वाक्य दुरुस्त केलं होतं, ते माझ्या वडिलांबद्दलचं होतं, आणि त्यातला 'हॅज' मला खोडावा लागला होता. त्याबद्दल पुढे सांगते. आधी या वाक्याशी नीट बोलायला हवं, कारण एकोणीस वर्षांत मी ते फक्त खोडलं होतं.

'माझी आई या खोलीत चाळीस वर्षांपासून राहते.' मराठीत यात काही खोट काढून दाखवा. निघत नाही. 'राहते' म्हणजे आज राहते, आणि 'चाळीस वर्षांपासून' हे शब्द त्या आजला मागे ओढत नेतात. क्रियापदाला वेगळं काही करावं लागत नाही. काळाचं ओझं 'पासून' उचलतं, 'राहते' आपल्या जागी शांत उभं असतं. मराठीच नव्हे, जर्मन आणि फ्रेंच बोलणारी माणसंही हेच करतात. 'दहा वर्षांपासून मी इथे राहतो' असं म्हणताना तीही साधा वर्तमानकाळच वापरतात, आणि इंग्रजी शिकताना तीही इथेच अडखळतात. तेव्हा ही चूक गिरणगावची नाही. इंग्रजीने इथे आपली वेगळी वाट धरली आहे.

त्या वाटेचा हिशेब असा. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ फक्त आहे ते सांगतो. 'माय मदर लिव्ह्ज इन लालबाग.' माझी आई लालबागला राहते. छान, पूर्ण, बरोबर. पण 'किती वर्षं?' किंवा 'कधीपासून?' हे त्या वाक्यात शिरलं की 'लिव्ह्ज'ला ते पेलत नाही. त्याला मागे वळून बघताच येत नाही. मग इंग्रजी दुसऱ्याला बोलावते, प्रेझेंट परफेक्टला. 'हॅज लिव्हड'. मागच्या एका टोकापासून आजच्या या क्षणापर्यंत सगळं एका मुठीत धरणारा काळ तो.

वर्गात मी हे वाण्याच्या वहीवरून सांगते. आमच्या चाळीखाली दुकान होतं. दुकानावर पाटी: इथे गूळ, कोकम, सुकी मासळी मिळते. तो साधा वर्तमानकाळ. काल मिळत होती का, कधीपासून मिळते, पाटीला त्याच्याशी कर्तव्य नाही. आत गल्ल्याजवळ उधारीची लांबडी वही. तिच्यात आमच्या नावाचं पान, पानावर पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी आणि खाली 'आजपर्यंत एकूण'. तो प्रेझेंट परफेक्ट. पान चालू आहे, बेरीज आजची आहे, उद्या ती बदलू शकते. पैसे फिटले, वाण्याने पानावर आडवी रेघ मारली, की तो साधा भूतकाळ. रेघेच्या पलीकडे जाऊन कुणी नवी नोंद करत नाही. हे सांगितलं की वर्गातल्या बायका लगेच मान डोलावतात. ती वही त्यांनीही पाहिलेली असते.

आता कुणी म्हणेल, मराठीत 'राहत आलोय' आहे की. आहेच. 'आम्ही पिढ्यान् पिढ्या इथे राहत आलोय' यातला 'राहत आलोय' म्हणजे हुबेहूब इंग्रजीचा परफेक्ट, पावलापावलाने आजपर्यंत चालत आलेला. पण तो आपण जपून वापरतो. हक्क सांगायचा असेल, ठसवायचं असेल, भांडायचं असेल तेव्हा. रोजच्या बोलण्यात 'राहतो'वर भागतं. इंग्रजीत मात्र निवड नाही. मराठीत जे खास प्रसंगी काढायचं वस्त्र, ते तिथे रोज अंगात घालावं लागतं.

आणि 'चाललं की, समजतं सगळ्यांना' असं म्हणून सोडूनही देता येत नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा समजतंच. 'आय हॅव फीवर सिन्स थ्री डेज' असं सांगितलं म्हणून मुंबईतल्या कुठल्या डॉक्टरला ताप कळला नाही असं होत नाही. मी हे वर्गात उघड सांगते, कारण मोठ्या माणसांना खोटी भीती घालणं मला पटत नाही. पण काही ठिकाणी अर्थच फिरतो. माझा एक विद्यार्थी कुलाब्याच्या एका हॉटेलात सामान उचलायचा. परदेशी पाहुण्याला त्याने आपुलकीने विचारलं, "हाऊ लाँग आर यू इन मुंबई?" पाहुणा म्हणाला, "टिल संडे." हा गोंधळला. त्याला विचारायचं होतं, कधीपासून आलात? आणि समोरच्याने ऐकलं, किती दिवस आहात? साध्या वर्तमानकाळातल्या त्या प्रश्नाचं तोंड पुढे होतं, मुक्काम संपेल त्या दिवसाकडे. मागचं विचारायचं तर 'हाऊ लाँग हॅव यू बीन' हवं होतं. तो दुसऱ्या दिवशी हे मला सांगायला वर्ग सुरू व्हायच्या आधी अर्धा तास येऊन बसला होता. एका 'आर'ने सगळा प्रश्न उलट्या दिशेला तोंड करून उभा राहतो याचं त्याला केवढं नवल वाटलं होतं! मलाही त्या दिवशी ते नव्याने दिसलं.

पण गुंता एवढ्यावर थांबत नाही. खरी गंमत पुढे आहे आणि ती मला फार उशिरा कळली. शाळेच्या व्याकरणात आपण मराठीचेही काळ शिकतो: साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. 'मी बसलो आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, आणि तेव्हापासून आपल्या व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची सावली आहे. त्यामुळे 'पूर्ण वर्तमान' म्हणजे 'प्रेझेंट परफेक्ट' हे समीकरण आपल्या डोक्यात लहानपणीच बसतं. नावं जुळतात. कामं जुळत नाहीत.

एकदा मी सगळ्या वर्गाला गॅलरीत नेलं आणि म्हटलं, खाली जे दिसतं ते आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत. खाली रिक्षा नसतात, हा शहराचा भाग, टॅक्सी उभ्या होत्या. एक म्हणाली, "टॅक्सीवाला बोनेटवर बसलाय." दुसरी, "त्या बाईंनी हिरवी साडी नेसलीये." तिसरा, "कुत्रा झोपलाय." सगळी वाक्यं मराठी पूर्ण वर्तमानातली. मग इंग्रजीत आली: 'द ड्रायव्हर हॅज सॅट', 'शी हॅज वोर्न अ ग्रीन सारी', 'द डॉग हॅज स्लेप्ट'. नियमाप्रमाणे भाषांतर अगदी चोख. आणि तीनही चुकीची. इंग्रजीला इथे फक्त आत्ता काय दिसतंय ते हवं आहे. 'इज सिटिंग', 'इज वेअरिंग', 'इज अस्लीप'. मराठी माणूस बघतो तेव्हा त्याला बसण्याची क्रिया घडून गेलेली दिसते आणि तिचा परिणाम डोळ्यांसमोर असतो: बसला, आणि आता बसलेला आहे. साडी नेसून झाली, आता ती अंगावर आहे. इंग्रजी त्या नेसण्यापर्यंत मागे जातच नाही.

मग आम्ही गॅलरीतच पुढे गेलो. 'भूक लागली.' भूतकाळ. इंग्रजीत 'आय ॲम हंग्री', वर्तमानकाळ. 'कळलं का?' भूतकाळ. 'डू यू अंडरस्टँड?' साधा वर्तमानकाळ. 'सर्दी झालीये' म्हणजे 'आय हॅव अ कोल्ड', 'लग्न झालंय' म्हणजे 'आय ॲम मॅरीड'. घरकाम करणारी एक ताई म्हणाली, "म्हणजे बाई, आपण जिथे मागचं बोलतो तिथे ते आत्ताचं बोलतात. आणि आपण 'राहते' असं आत्ताचं बोलतो तिथे ते मागचं जोडतात." एवढ्या स्पष्टपणे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ना डी.एड.ला, ना नंतर. दोन भाषा एकमेकींना छेदून जातात, फुलीसारख्या, आणि आमची मुलं बरोब्बर त्या फुलीच्या मध्यावर उभी असतात. त्यांना आपण 'काळ चुकला' एवढंच लिहून वही परत करतो. मला आता हे अन्यायाचं वाटतं. चुकलेला माणूस तिथे मराठीशी अगदी प्रामाणिक राहिलेला असतो.

कुठे कुठे मराठी इंग्रजीपेक्षा सरळ आहे हेही सांगायला हवं. 'ही हॅज गॉन टु रत्नागिरी' आणि 'ही हॅज बीन टु रत्नागिरी' यात फरक काय, हे समजावताना पुस्तकं पानं खर्च करतात. आम्ही म्हणतो, 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय'. संपलं. चाकरमान्यांच्या वस्तीत हा फरक पोरासोरांनाही कळतो.

इंग्रजीचा हा परफेक्ट 'हॅव'वर उभा आहे, म्हणजे जवळ असण्यावर. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'माझ्याकडे मासा पकडलेला आहे' अशा धाटणीने बोलत, आणि तेव्हा मासा खरोखर जवळ असे. हळूहळू मासा बाजूला झाला आणि पकडणं जवळ राहिलं. येण्याजाण्याच्या क्रियापदांना मात्र बराच काळ 'हॅव' नव्हतं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'ही इज रिझन' आहे. तो उठला आहे. अगदी आपल्यासारखं, 'असणे'ला धरून. मराठीत काही घडलं की आपण 'आहे' म्हणतो, इंग्रजी म्हणते ते माझ्यापाशी आहे. दहा वर्षं राहिले, तर ती दहा वर्षं माझ्यापाशी आहेत. हे मला आवडतं. रात्रशाळेतल्या माणसांपाशी दुसरं फार काही नसतं, पण वर्षं असतात.

आता आप्पांबद्दल.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. रत्नागिरीहून आले, काही वर्षं बदली कामगार म्हणून काम केलं, मग कायम झाले. १९६९ मध्ये त्यांना ही खोली मिळाली. दहा बाय सोळाची. त्यात आम्ही सहा जणं आणि दर उन्हाळ्यात गावाहून येणारी दोन-तीन. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. मी तेव्हा लहान होते. भोंगा वाजायचा थांबला त्याची आठवण मला आवाजाची नाही, वेळेची आहे. सकाळ कधी झाली हे घरात कुणालाच नीट कळेना. वाण्याच्या वहीतलं आमचं पान भरलं, मग त्याने दुसरं घातलं, मग तिसरं. त्याने कधी तोंड वेडंवाकडं केलं नाही, हे इथे लिहून ठेवते. आप्पांनी पुढे एका छापखान्यात काम धरून ते सगळं फेडलं आणि वाण्याने रेघ मारली त्या दिवशी ते खिशात खडीसाखर घेऊन घरी आले.

पण संपाचं पान? गिरणगावात आजही जुनी माणसं सांगतात की तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. मी एकदा हे वाक्य इंग्रजीत आप्पांना म्हणून दाखवलं: 'द स्ट्राइक हॅज नेव्हर बीन कॉल्ड ऑफ.' त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अर्थ सांगितला. म्हटलं, या 'हॅज'मुळे असं होतं की अजूनही मागे घेतलेला नाही, आजही, आत्ताही. 'वॉज' घातलं असतं तर सगळं इतिहासात गेलं असतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांच्याकडं शब्द हाय की मग. बरा हाय." गिरण्या गेल्या, चिमण्या पाडल्या, जमिनींवर काचेच्या इमारती आल्या, आणि वाक्यात मात्र तो संप चालू राहिला. एका सहायक क्रियापदाच्या आधारावर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची कागदपत्रं सुरू झाली. खोली आप्पांच्या नावावर. एका कार्यालयात इंग्रजीतून अर्ज द्यायचा होता, मराठीतला घेतला नाही. मी घरी बसून लिहिला. पहिलं वाक्य: 'माय फादर हॅज लिव्हड इन धिस रूम सिन्स १९६९.' लिहून झाल्यावर सवयीने तपासलं. 'हॅज' आहे, 'सिन्स'नंतर आरंभाचं साल आहे. बरोबर. आप्पा खाटेवर पडून होते, श्वासाचा त्रास सुरू झाला होता. साच्यांच्या खात्यात उडणारा कापूस किती वर्षं छातीत राहतो कोण जाणे. मी वाक्य वाचून दाखवलं, त्यांनी विचारलं, "काय लिवलंस?" म्हटलं, तुम्ही इथे एकोणसत्तरपासून राहता. "व्हय, राहतो," म्हणाले.

अर्ज पडून राहिला. एक कागद कमी होता, मग साहेब रजेवर होते, मग शिक्का दुसऱ्या टेबलावर होता. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात आप्पा गेले.

तेरावं झाल्यावर मी अर्ज नव्याने करायला घेतला. जुनी प्रत समोर होती. नाव बदलायचं, वारसाचा दाखला जोडायचा, बाकी मजकूर तोच. पहिल्याच वाक्याशी हात थांबला. 'हॅज लिव्हड' आता लिहिता येत नाही.

हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. प्रेझेंट परफेक्टचा कर्ता जिवंत असावा लागतो. भाषाशास्त्रात यासाठी आइनस्टाइनचं उदाहरण प्रसिद्ध आहे, नोम चॉम्स्की यांच्या लेखनातून आलेलं: 'आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' असं आज म्हणता येत नाही, कारण तसं म्हटलं की आइनस्टाइन हयात आहेत असा अर्थ निघतो. वर्गात मी हे लताबाईंवरून सांगते. ५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत 'लता मंगेशकर हॅज संग' असं लिहिणं योग्य होतं. ६ तारखेला त्या गेल्या, संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, आणि ७ तारखेपासून 'संग'. त्यांनी गायलेलं एक गाणंही कमी झालं नाही, कमी झाला फक्त 'हॅज'. मुलं हे कधी विसरत नाहीत. मीही शिकवताना कधी अडखळले नव्हते. उदाहरण होतं ते.

आप्पांच्या अर्जावर मी रेघ मारली. 'हॅज' खोडला. 'माय फादर लिव्हड इन धिस रूम फ्रॉम १९६९.' पुढे 'टु' आणि साल. दोन टोकं. वाण्याच्या पानावरची आडवी रेघ, पण ती माझ्या हाताने मारलेली. मराठीत मी 'वारले', 'गेले', 'आता नाहीत' हे सगळं चौदा-पंधरा दिवस शेकडो वेळा बोलले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना, फोनवर. डोळे भरायचे आणि कोरडे व्हायचे. त्या तीन अक्षरांच्या शब्दावर पेन फिरवताना जे झालं ते आधी झालं नव्हतं. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

नंतर कित्येक रात्री मी याचा विचार करत होते की गेलेल्या माणसासाठी इंग्रजीत वर्तमानकाळाची एखादी फट तरी आहे का. आहे. तीही मी शिकवत असते, निबंधाच्या तासाला. पुस्तकात, गाण्यात, चित्रात जे आहे ते साध्या वर्तमानकाळात सांगतात. 'लता सिंग्ज इन दॅट साँग.' लता त्या गाण्यात गाते. परफेक्टने बाहेर काढलेल्या माणसाला साधा वर्तमानकाळ आत घेतो, मात्र त्याने केलेल्या कामाच्या दारातून. आपल्याकडेही 'ज्ञानेश्वर म्हणतात' असंच आपण बोलतो, 'म्हणाले' असं फारसं नाही. आणि 'तुका म्हणे'. जुन्या मराठीत 'म्हणे' हे सरळ वर्तमानकाळाचं रूप होतं, तुका म्हणतो. पुढे भाषा सरकली आणि 'म्हणे, येई, जाई' ही रूपं रीती भूतकाळाची झाली, पूर्वी म्हणत असे, येत असे. शब्द जागचा हलला नाही, त्याच्याखालचा काळ बदलला. तरी आषाढात दिंडी चाळीखालून जाते आणि टाळांवर 'तुका म्हणे' ऐकू येतं, तेव्हा कुणाच्या मनात 'म्हणत असे' येतं? तो आत्ता म्हणत असतो.

आप्पांनी अभंग लिहिले नाहीत. त्यांनी विणलेलं कापड कुठे आहे ते मला माहीत नाही. मांजरपाट असायचा, कुणाच्या गादीच्या खोळीत फाटून गेला असेल. पण त्यांनी खोलीत ठोकलेली फळी आहे. 'द शेल्फ होल्ड्स.' फळी भार पेलते. हे वाक्य साध्या वर्तमानकाळात बसतं, आणि तिच्यावर अजून पितळी डबे आहेत.

तर त्या बुधवारी हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि लिफ्टमन फळ्याजवळ उभा होता. "चुकलं का बाई?" त्याने विचारलं.

मी खोडलं नाही. त्याच्या वाक्याच्या वर मराठी वाक्य लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं. मग विचारलं, यात काही चूक आहे? वर्ग म्हणाला, नाही. मग 'राहते' आणि 'पासून' यांच्यात कोण काय काम करतंय ते आम्ही खडूने बाण काढून शोधलं. 'राहते'खालून एक बाण आजकडे, 'पासून'खालून एक मागे. आणि मग म्हटलं, इंग्रजीत हे दोन बाण एकाच क्रियापदाला ओढावे लागतात. त्याने स्वतःच 'लिव्ह्ज' पुसलं आणि 'हॅज लिव्हड' लिहिलं. हे मी आधी एकोणीस वर्षं का केलं नाही, ते माझं मला विचारते आहे.

"आता 'सिन्स'," मी म्हटलं. "'सिन्स' म्हटलं की चाळीस वर्षं चालत नाहीत. 'फॉर'ला लांबी लागते, 'सिन्स'ला सुरुवात लागते. आई कधी आली खोलीत?"

"लग्न होऊन आली तेव्हा."

"साल?"

त्याला साल माहीत नव्हतं. वर्गात फोन बंद ठेवायचा नियम आहे, मी हातानेच कर म्हणून खूण केली. त्याने आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. "आई, तू खोलीत कुठल्या साली आलीस? शाळेत पाहिजे." थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "साल कुठलं आठवायला. संपाचं दुसरं वरीस होतं. तुझ्या बाबांना काम नव्हतं तवा."

वर्गातल्या दोघा-तिघांनी बोटांवर मोजून एकदम सांगितलं, त्र्याऐंशी. त्यांच्याही घरी वर्षं अशीच मोजतात. तो मात्र फळ्याकडे बघत राहिला. मग वळून म्हणाला, "बाई, आई म्हणाली तसंच लिहिता येईल का? साल न लिहिता?"

येईल, मी म्हटलं. 'सिन्स'ला सुरुवात लागते, ती आकड्यातच असायला हवी असं काही नाही.

त्याने लिहिलं. अक्षरं उजवीकडे चढत गेली, शेवटचे शब्द फळ्याच्या कडेला दाटीने बसले. 'माय मदर हॅज लिव्हड इन धिस रूम सिन्स द सेकंड इयर ऑफ द स्ट्राइक.' मागच्या बाकावरून कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, आणि बाकीच्यांनी वह्यांत उतरवून घेतलं.